रश्श्याला लावायचं पीठ

दाट, खमंग रश्श्यातले नूडल्स घरी करायचे ठरले की भंडारा, तुमसर किंवा साकोलीतला हौशी स्वयंपाकी आधी यादी काढतो, आणि ती यादी असते नागपूरहून काय काय मागवायचं याची. सॉसच्या दोन-तीन बाटल्या, नारळाच्या दुधाचे डबे, विदेशी नाव छापलेलं नूडल्सचं पाकीट. यादीतलं निम्मं मिळत नाही, उरलेलं महाग पडतं आणि बेत बारगळतो. किंवा सगळं मिळतं, पण पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे शिजवलेला रस्सा पाण्यासारखा पातळ होतो आणि नूडल्स तळाशी जाऊन बसतात. या प्रकरणात मांडायचं आहे ते इतकंच की ही यादी चुकीच्या टोकापासून सुरू होते. दाट रश्श्याच्या नूडल्समध्ये पहिला प्रश्न नूडल्सचा नसतो, सॉसचाही नसतो. रस्सा कशाने दाट करायचा, हा तो प्रश्न. आग्नेय आशियातल्या बहुतेक मुलखांनी त्याचं उत्तर जवळच्या शेतात शोधलं आहे. त्यातल्या ब्रह्मदेशाचं, म्हणजे आजच्या म्यानमारचं, उत्तर बेसन आणि तांदूळ असं आहे. तेव्हा भंडाऱ्याच्या घरात हा पदार्थ करायला बसताना सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट डब्यात आधीच भरलेली असते.

नकाशावर नजर फिरवली तर हे पडताळून पाहता येतं. फिलिपाईन्समधल्या बातांगास प्रांताची लोमी प्रसिद्ध आहे. जाड नूडल्स, मांसाचा रस्सा, त्यात कसाव्याच्या, म्हणजे ज्या कंदापासून साबुदाणा होतो त्या कंदाच्या, पिठाचं पाणी आणि वरून फेटलेलं अंडं. रस्सा इतका दाट की चमच्यावर थर राहतो. सिंगापूर-मलेशियातली लोर मी ही लोमीची चुलत बहीण; दोघींचं मूळ दक्षिण चीनच्या फुजियान किनाऱ्यावरून बाहेर पडलेल्या लोकांकडे जातं. तिथला रस्सा पिठूळ पाण्याने दाटवतात, पण त्याच शहरांतल्या मी रेबुसमध्ये उकडून कुस्करलेलं रताळं घालतात. म्हणजे नूडल्स जहाजातून आले आणि रश्श्याचं पीठ मात्र जिथे उतरले तिथलं घेतलं. ब्रह्मदेशातही हेच झालं. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशात भात मुबलक, आणि मध्यभागी सगाइंग, मंडाले, मगवे हा पाऊस कमी पडणारा पट्टा हरभऱ्याचा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या संशोधनातून आलेली हरभऱ्याची वाणं तिथे मोठ्या प्रमाणावर लावली जातात. मराठी वाचकाला मंडाले म्हटलं की 1908 ते 1914 या काळातला टिळकांचा तुरुंगवास आणि गीतारहस्य आठवतं. त्या तुरुंगाच्या आसपासचा मुलूख हरभऱ्याचा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. भंडारा जिल्ह्याची शेतीही याच जोडीवर चालते. वैनगंगेच्या खोऱ्यात खरिपात धान, आणि धान निघाल्यावर बांधीत उरलेल्या ओलीवर हरभरा, लाखोळी, जवस. धानाच्या मागोमाग कडधान्य घेणारा मुलूख रश्श्याला कुठलं पीठ लावेल, याचा अंदाज बांधायला पाकशास्त्राचं पुस्तक लागत नाही.

आता बेसनाकडे जरा बारकाईने पाहू, कारण सगळा मुद्दा तिथेच आहे. विदर्भाच्या स्वयंपाकघरात बेसन हे एकच पीठ पाण्याच्या वेगवेगळ्या प्रमाणांत वेगवेगळे पदार्थ होतं. वाटीभर बेसनाला साधारण दोन वाट्या पाणी घेऊन शिजवलं, ताटलीत थापलं आणि निवू दिलं की पाटवडी पडते. तीच पुढे तर्रीदार रश्श्यात सोडली की पाटवडी रस्सा. पाणी तीन-चार वाट्यांवर नेलं की पिठलं. त्याच्याही पुढे गेलं, म्हणजे वाटीभर पिठाला दहा वाट्या पाणी झालं, की ते कढीचं किंवा आळण लावलेल्या पातळ भाजीचं प्रमाण. मेथी-पालकाच्या पातळ भाजीला जे आळण लावतात ते हेच. आता म्यानमारच्या पूर्वेकडच्या शान लोकांकडे बघा. ते हरभऱ्याचं किंवा वाटाण्याचं पीठ हळद-मीठ घालून पाण्यात शिजवतात आणि साच्यात ओतून गोठवतात. त्याला ते तोहू म्हणतात. सोयाबीनच्या टोफूशी त्याचं नावापुरतंच नातं. कापून, तळून खाल्लं तर विदर्भातला कुणीही त्याला पाटवडीच म्हणेल. हेच मिश्रण न गोठवता, गरम आणि वाहतं असतानाच तांदळाच्या नूडल्सवर ओतलं की त्याचं नाव तोहू न्वे. वरून लसणाचं तेल, भाजलेल्या मिरचीची भरड, कुटलेले शेंगदाणे. म्हणजे नूडल्सवर पिठलं. आणि पीठ आणखी पातळ करून माशाच्या रश्श्यात गेलं की मोहिंगा, नारळाच्या दुधातल्या कोंबडीच्या रश्श्यात गेलं की ओन नो खाऊ स्वे. मुंबई-कोलकात्याच्या हॉटेलांत आणि बऱ्याच व्यापारी घरांत खाऊ सुए नावाने मिळतो तो हाच पदार्थ. ब्रह्मदेशातून परतलेल्या भारतीय कुटुंबांबरोबर तो इकडे आला. वडी, पिठलं, रस्सा ही तिन्ही रूपं दोन्ही मुलखांत आहेत आणि त्यांच्यातला फरक दोन्हीकडे फक्त पाण्याचा आहे. ज्या हाताला पाटवडी केव्हा पडेल आणि पिठलं केव्हा आवळून येईल हे कळतं, त्या हाताला मोहिंग्याचा रस्सा नव्याने शिकावा लागत नाही.

हे का घडतं ते समजून घेतलं तर रस्सा बिघडण्याची भीतीही जाते. पिठातल्या स्टार्चचे सूक्ष्म कण थंड पाण्यात तसेच पडून राहतात. पाणी साधारण 65 ते 80 अंश सेल्सिअसच्या दरम्यान तापलं की ते पाणी शोषून फुगतात आणि रस्सा दाट होतो. म्हणून पीठ उकळत्या रश्श्यात कोरडं टाकलं तर गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो, आतलं पीठ कोरडंच राहतं, आणि ती गुठळी मग कितीही घोटली तरी फुटत नाही. थंड पाण्यात कालवून, गाळून, रस्सा ढवळत बारीक धारेने सोडणं हाच उपाय; प्रत्येक सुगरण हे करतेच. दाटपणा उकळी फुटता फुटता येतो, पण बेसनाचा कच्चा वास तेवढ्याने जात नाही. त्यासाठी मंद आचेवर निदान वीस-पंचवीस मिनिटं रटरटू द्यावं लागतं, किंवा पीठ आधी कोरडं भाजून घ्यावं लागतं. भाजण्याचा एक उलटा परिणाम लक्षात ठेवावा. भाजल्याने स्टार्चच्या लांब साखळ्या तुटतात, त्यामुळे भाजलेलं पीठ कच्च्या पिठाइतकं दाटत नाही. सुवास वाढतो आणि पकड कमी होते. म्हणून मोहिंग्यात भाजून कुटलेल्या तांदळाचं पीठ आणि बेसन अशी जोडी चालते. तांदळाने खमंगपणा येतो, बेसनाने अंग. आंबट वस्तूही स्टार्चच्या साखळ्या तोडते. चिंच किंवा लिंबू आधीच घालून तासभर उकळलं तर दाट झालेला रस्सा पुन्हा सैल पडतो, म्हणून लिंबू पानात, भांड्यात नाही. आणखी एक गोष्ट घराघरांत होते आणि तिचं कारण क्वचितच कुणाला माहीत असतं. चव पाहिलेला उष्टा चमचा परत रश्श्यात बुडवला, तर लाळेतलं अमायलेज नावाचं विकर कोमट रश्श्यातला स्टार्च फोडू लागतं आणि तासाभराने रस्सा पातळ होतो. उष्ट्याचा विटाळ मानणाऱ्या आज्यांना रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण या एका बाबतीत त्यांचा रस्सा दाट राहिला असणार.

मोहिंगा हा मुळात माशाचा पदार्थ, आणि तोही समुद्रातल्या नव्हे तर गोड्या पाण्यातल्या, मिशीवाल्या माशाचा. इथे भंडाऱ्याचं पारडं मुंबईपेक्षा जड आहे. कोहळी समाजाने मालगुजारीच्या काळात आणि त्याआधीपासून बांधलेले हजारो तलाव, ज्यांना सरकारी कागदात माजी मालगुजारी तलाव आणि बोलण्यात मामा तलाव म्हणतात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत पसरले आहेत. ते बांधले धानाला पाणी द्यायला, पण त्यांच्या पोटात रोहू, कतला, मरळ, शिंगी, मागूर आणि झिंगे वाढले, आणि त्यावर ढिवर समाजाचा व्यवसाय उभा राहिला. देशी मागूर मोहिंग्याला अगदी नेमका लागू पडतो: काटे कमी, कातडी जाड, आणि त्या कातडीतलं व हाडांतलं कोलॅजन उकळत्या पाण्यात उतरून रश्श्याला पिठाच्याही आधी थोडं अंग देतं. घेताना एवढं पाहावं की तो देशी आहे. थाई मागूर म्हणून जो मोठा, काळपट, स्वस्त मासा विकला जातो तो मुळात आफ्रिकी असून त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे, आणि आपल्या तलावांतल्या लहान माशांचा तो फडशा पाडतो. देशी मागूर मिळाला नाही तर मरळ घ्यावा. रोहूही चालतो, फक्त काटे वेचायला वेळ लागतो.

चार माणसांसाठी अर्धा किलो मासा, दीड-पावणेदोन लिटर पाणी, ठेचलेल्या गवती चहाच्या तीन-चार काड्या, आल्याचा तुकडा, हळद आणि मीठ एवढं एकत्र वीसेक मिनिटं उकळावं. गवती चहा म्हणजे थाई-बर्मी पुस्तकांतलं लेमनग्रास, त्यासाठी शहरात जायला नको; इथे फरक इतकाच की आपण पानं चहात टाकतो आणि तिथे खालचा पांढरट दांडा ठेचून घेतात. मासा काढून काटे वेगळे करावेत, पाणी गाळून घ्यावं. कांदा, लसूण, आलं आणि भिजवलेली सुकी मिरची वाटून भरपूर तेलात, तेल सुटेपर्यंत परतावं. मिरची शेजारच्या भिवापूरची असली तर रंग सुरेख येतो. त्यात कुस्करलेला मासा घालून कोरडा होईतो परतायचा. मग गाळलेलं पाणी, आणि पाऊण वाटी बेसन व दोन मोठे चमचे भाजलेल्या तांदळाचं पीठ थंड पाण्यात कालवून. अख्खे छोटे कांदे सोडून पाऊण तास मंद आचेवर. केळीच्या खुंटातल्या कोवळ्या गाभ्याच्या चकत्या तिथे हटकून घालतात. परसात केळ असेल तर घालाव्यात, नसेल तर अडत नाही. माशाच्या सॉसचं काम सुकटीवर भागतं: सुकलेले झिंगे तव्यावर भाजून, कुटून, चमचाभर. वास घरभर होतो, पण बाटलीतल्या सॉसचाही होतोच. वर उकडलेलं अंडं, चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, लिंबाची फोड आणि कुरकुरीत काहीतरी. म्यानमारमध्ये ते कुरकुरीत काहीतरी म्हणजे हरभरा डाळीची किंवा दुधी भोपळ्याची भजी. त्या भज्यांशिवाय मोहिंगा अपुरा मानतात, आणि रश्श्यात अर्धवट भिजलेलं भजं हा त्याचा सर्वांत चांगला घास असतो.

आता नूडल्स. इथे घरगुती स्वयंपाकाची फसगत सर्वाधिक होते, कारण गव्हाचे आणि तांदळाचे नूडल्स एकाच नियमाने वागवले जातात. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. त्याची जाळी नूडलला धरून ठेवते, म्हणून तो रश्श्यातच शिजवला तरी आकार सोडत नाही, उलट थोडा स्टार्च रश्श्याला देऊन तो दाटवतो. आपल्या चकोल्या याच तत्त्वावर चालतात. वरणात सोडलेले कणकेचे तुकडे शिजता शिजता वरणालाही दाट करतात, आणि वेगळं पीठ लावावं लागत नाही. लोमीचे नूडल्सही रश्श्यातच शिजतात, कसाव्याचं पीठ मात्र तिथे वेगळं लागतं. तांदळात ग्लुटेन नाही. तांदळाचा नूडल केवळ शिजून, निवून घट्ट झालेल्या स्टार्चच्या बळावर उभा असतो. त्याला उकळत्या रश्श्यात ठेवलं तर तो परत सैल होऊन तुटतो आणि भांड्यात लापशी उरते. म्हणून मोहिंग्यात नूडल्स वेगळे शिजवून, गार पाण्यातून काढून वाडग्यात ठेवायचे आणि रस्सा वाढताना वरून ओतायचा. रस्सा किती पातळ ठेवायचा हेही यावरून ठरतं: वाडग्यात ओतल्यावर नूडल्स आणखी पाणी पितात, तेव्हा भांड्यात तो हवा त्याहून किंचित सैलच असावा.

तांदळाचे नूडल्स घरी करणं अशक्य नाही. कोकणात नारळाच्या रसाबरोबर खातात ते शिरवाळे म्हणजे तांदळाची उकड सोऱ्यातून पाडलेली. म्यानमारमध्ये तांदूळ दोन-तीन दिवस आंबवून त्याच रीतीने पाडतात. पण तांदूळ कुठला घ्यायचा, हे पूर्व विदर्भातल्या माणसाला सांगायला हवं असं नाही. ज्या मुलखात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1980च्या दशकात शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एचएमटी हे वाण उभं केलं, आणि जिथे साकोलीच्या धान संशोधन केंद्राच्या नावाने वाणं ओळखली जातात, तिथे मऊ भात आणि मोकळा भात यांतला फरक प्रत्येकाला तोंडपाठ असतो. नूडलला मोकळा भात देणारा, म्हणजे अमायलोज जास्त असलेला, वर्षभर जुना, ठोकळ तांदूळ लागतो. चिन्नोरसारखा सुवासिक, मऊ तांदूळ इथे वाया जातो. त्याचे नूडल्स चिकटतात. गिरणीतला उसना तांदूळही नको, त्यातला स्टार्च एकदा शिजून बसलेला असतो. इतका खटाटोप नको असेल तर बाजारातल्या तांदळाच्या कोरड्या शेवया आणाव्यात, त्यात कमीपणा काही नाही. आणि माझं मत विचाराल तर भंडारा-गोंदियाकडच्या घरात उन्हाळ्यात करून ठेवलेले सरगुंडे असताना पाकीट फोडण्याची गरजच काय? गव्हाच्या कणकेची बारीक दोरी बारीक काडीवर स्प्रिंगसारखी गुंडाळून, अलगद सरकवून वाळवलेले हे पोकळ वेढे आपण आंब्याच्या रसात बुडवून खातो. वेढ्यांच्या आतल्या पोकळीत दाट रस्सा जसा भरून राहतो तसा सरळ नूडलवर राहत नाही.

इथे पहिला आक्षेप येईल: सरगुंडे घातलेला मोहिंगा हा मोहिंगा कसा? आक्षेप बरोबर आहे, जर मोहिंगा ही एकच ठरलेली वस्तू असेल तर. पण ती तशी नाही. म्यानमारच्या पश्चिमेला राखाइन किनाऱ्यावर याच कुळातला मोंट डी खातात, त्याचा रस्सा पातळ, पारदर्शक आणि मिऱ्यांनी जाळणारा असतो. पीठ तिथे जवळपास लागतच नाही. त्रिभुज प्रदेशातला दाट, तिथेच एका गावात बेसन जास्त तर दुसरीकडे तांदूळ जास्त. 1962 नंतर ब्रह्मदेशातल्या राष्ट्रीयीकरणामुळे तिथून परतलेल्या तामिळ कुटुंबांनी चेन्नईच्या बर्मा बाजार परिसरात हे पदार्थ रस्त्यावर विकायला सुरुवात केली, तेव्हा तेही मूळचे राहिले नाहीत. तिथला अथो नावाचा नूडल्सचा पदार्थ आज चेन्नईचा म्हणूनच ओळखला जातो. अस्सलपणाची मागणी पदार्थाने केलेली नसते, ती हॉटेलच्या मेनूकार्डाने शिकवलेली असते.

याच्या नेमका उलटा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हे सगळं जर पिठलंच असेल, तर त्याला मोहिंगा म्हणण्याचा आव कशाला? उत्तर असं की पीठ सारखं आहे, चव सारखी नाही, आणि हा फरक बुडवला तर पदार्थ करण्यातच अर्थ राहत नाही. मोहिंग्यात मोहरी-जिऱ्याची फोडणी नाही, गरम मसाला नाही, खोबऱ्या-खसखशीचं वाटण नाही. विदर्भी हात सवयीने सावजी मसाल्याच्या डब्याकडे जातो. तो डबा बंदच ठेवावा, कारण दगडफूल-लवंगेचा झणका गवती चहाचा आणि सुकटीचा वास पुसून टाकतो, आणि उरतो तो मासे घातलेला पाटवडी रस्सा, जो वेगळा केला तर अधिक चांगला होतो. बर्मी रश्श्याची सगळी मजा तिखटात नाही. खारट पाया, लिंबाचा आंबटपणा, लसणाचं तेल आणि वरच्या कुरकुरीतपणाचा घास यांच्या तोलात आहे. म्हणजे तंत्र घरचं वापरावं, चव घरची करू नये. हा नियम सोपा दिसतो, पण मसाल्याचा डबा न उघडण्याइतका संयम आपल्याकडे दुर्मीळ आहे.

नूडल्स हे आपल्या मातीला परके, हा तिसरा आक्षेप. तो भंडाऱ्याच्या इतिहासापुढे फारसा टिकत नाही. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत जो भंडारा जिल्हा होता, त्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत 1972 मध्ये वसली. तिबेटी स्वयंपाकात थुक्पा आणि हाताने तोडून टाकलेल्या कणकेचा तेनथुक हे रोजचे पदार्थ, म्हणजे नूडल्सचा रस्सा या जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून शिजतो आहे, आणि तोही चकोल्यांच्याच पद्धतीने. ब्रह्मदेशाशी विदर्भाचा संबंध तर याहून जवळचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1954 मध्ये भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्याच वर्षी डिसेंबरात ते रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातलेच. धर्माच्या वाटेने इतकं आलं आणि एक न्याहारी मात्र आली नाही, याचं नवल वाटायला हवं. यंगूनमध्ये मोहिंगा सकाळी रस्त्याच्या कडेला खातात, जसे नागपूरकर तर्री-पोहे खातात; एकच वाडगा, एकच ओगराळं, वर भज्याचा तुकडा.

लाखोळीचं काय, असं कुणीतरी विचारेलच, कारण या भागात डाळीचं पीठ म्हटलं की ती आठवते, आणि स्वस्त बेसनात तिची भेसळही होते. लाखोळीचं पीठ रस्सा दाटवतं, यात शंका नाही. पण तिच्यात ओडॅप नावाचं अमिनो आम्ल असतं आणि तिचं प्रमाणाबाहेर, दीर्घकाळ सेवन पायांच्या लकव्याशी, लॅथिरिझमशी, जोडलं गेलं आहे. त्यामुळे तिच्या विक्रीवर 1961 पासून बंदी आली आणि ती उठवावी म्हणून विदर्भात प्रदीर्घ आंदोलनही झालं. बंदीचा वाद बाजूला ठेवला तरी स्वयंपाकाचा मुद्दा राहतो. डाळ गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून शिजवली की ओडॅपचं प्रमाण कमी होतं. पीठ रश्श्याला लावताना मात्र पाणी फेकायची सोयच नसते, सगळं वाडग्यातच राहतं. तेव्हा या पदार्थाला हरभऱ्याचं बेसन, आणि शक्यतो घरी डाळ देऊन गिरणीवरून दळून आणलेलं.

मासे न खाणाऱ्यांसाठी मोहिंग्याला पर्याय शोधत बसण्यापेक्षा तोहू न्वे करावं, कारण त्यात मुळातच मासा नाही. वाटीभर बेसन, चार-पाच वाट्या पाणी, हळद, मीठ. गुठळ्या मोडून, न थांबता ढवळत वीस-पंचवीस मिनिटं मंद आचेवर, इतकं की पळीवरून जाड धारेने पडावं. फोडणी नाही. गरम असतानाच शिजवलेल्या नूडल्सवर ओतून वर लसणाचं तेल, शेंगदाण्याचा कूट, मिरचीची भरड, थोडा गूळ-चिंचेचा कोळ आणि सांबार. निवलं की ते आवळतं, म्हणून एका वेळी खाणाऱ्यांपुरतंच वाढावं. उरलं तर तेल लावलेल्या ताटात ओतून रात्रभर ठेवावं. सकाळी त्याच्या चौकोनी वड्या पडतात. त्या तळून चिंचेच्या पाण्यात बुडवून खातात, किंवा भंडाऱ्याच्या रीतीने सरळ तर्रीत सोडतात. मोहिंग्याचा उरलेला रस्सा मात्र गोठत नाही, फक्त घट्ट होतो. दुसऱ्या दिवशी तो तसाच आचेवर ठेवला तर तळाशी लागतो, म्हणून आधी पेलाभर गरम पाणी घालून ढवळावं, मग गॅस लावावा, आणि लिंबू तेव्हाही पानातच पिळावं.